डब्यातले ३१,६०० डॉलर आणि ९ ऑक्टोबरची तारीख

पत्र

प्रिय ताई,

आम्ही न्यू जर्सीत राहतो. नवरा आयटीत आहे, माझ्याकडे एच-४ ईएडी, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर मिळालेली कामाची परवानगी आहे. चार वर्षं झाली, मी डबे करते. कमर्शियल किचन तासाच्या भाड्यानं घेते. चार पोळ्या, भाजी, वरण-भात. निम्मी मंडळी रोख पैसे देतात आणि ते मी पोळ्यांच्या जुन्या स्टीलच्या डब्यात ठेवत आले. हजार झाले की रबर लावायचं आणि महिन्याची चिठ्ठी खोचायची.

जूनमध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला एक वापरलेला फूड ट्रक मिळत होता. विकणाऱ्याला रोख हवे होते. हे डबा घेऊन गाडीनं निघाले. वाटेत दुसऱ्या एका राज्यात, लेन चुकीची बदलली म्हणून पोलिसांनी थांबवलं. कुत्रं आणलं, डबा उघडला. तिकीट दिलं नाही, अटक केली नाही, पण ३१,६०० डॉलर घेतले आणि एक पावती हातात ठेवली. हे इतके घाबरले की "पैसे माझे नाहीत, बायकोचे आहेत" म्हणाले आणि पुढे केलेल्या कागदावर सहीही करून आले.

आता केंद्रीय एजन्सीचं पत्र आलं आहे. पत्रावर ४ सप्टेंबर तारीख आहे, हातात पडलं १२ला. ९ ऑक्टोबरच्या आत दावा करा असं त्यात आहे. ह्यांचं म्हणणं, ग्रीन कार्डची फाइल आत्ता कुठे सरकली आहे, नसती भानगड नको, गेले तर गेले. खरंच कुणी मागितलेच नाहीत तर त्या पैशांचं होतं काय? पहिल्या वर्षी थोडी रोकड टॅक्समध्ये दाखवायची राहून गेली, त्याचीही धास्ती आहे. घरात अजून १२,५०० आहेत. जाऊबाई म्हणतात, दोन-तीनदा थोडे थोडे करून बँकेत भर. सासूबाई दिवाळीला पुण्याला चालल्यात, त्यांच्याबरोबर पाठवू का? रात्र-रात्र झोप नाही.

– एक डबेवाली, न्यू जर्सी

उत्तर

तारीख जवळ आहे म्हणून तुम्हाला मी त्याच दिवशी फोन केला होता. जे बोललो ते इथं सविस्तर लिहिते, कारण असं पत्र घरात दडवून बसलेलं तुमचं एकच घर असेल असं मला वाटत नाही. मी वकील नाही. बारा वर्षं मराठी आणि हिंदीची दुभाषी म्हणून कोर्टात आणि वकिलांच्या ऑफिसांत बसले आहे, आणि खालचं बरंचसं तिथंच शिकले आहे.

तुमचा मूळ प्रश्न आधी घेते. कुणी मागितले नाहीत तर ते पैसे सरकारजमा होतात. त्यासाठी खटला चालत नाही, सुनावणी होत नाही, एकाही न्यायाधीशाच्या टेबलावर तो कागद जात नाही. ज्या एजन्सीनं तुम्हाला पत्र पाठवलं, तीच एजन्सी मुदत संपली की एक जाहीरनामा काढते, आणि त्या कागदाला कोर्टाच्या अंतिम निकालाइतकी किंमत असते. घर किंवा जमीन घ्यायची असेल तर सरकारला कोर्टात जावंच लागतं. इतर बहुतेक वस्तूंना पाच लाख डॉलरची मर्यादा आहे. रोख रकमेला मात्र मर्यादाच नाही. रक्कम कितीही असो, मागणारा आला नाही की हा रस्ता मोकळा.

आपल्याकडच्या माणसांचा इथंच घोटाळा होतो. गावाकडं पोलिसांनी काही जप्त केलं की तो मुद्देमाल असतो, त्याचा कागद मॅजिस्ट्रेटकडं जातो, मालक सापडत नसेल तर जाहीर नोटीस निघते आणि पुढं यायला सहा महिने मिळतात. वस्तू वर्षानुवर्षं धूळ खात पडेल, पण ती कुणाची हे कधीतरी एखादा न्यायाधीश विचारेल, असं आपण गृहीत धरतो. इथं तसं धरून चालू नका. इथं पत्र टाकल्यापासून तुम्हाला निदान ३५ दिवस द्यायचे असतात आणि बहुतेक वेळा तेवढेच मिळतात. ४ सप्टेंबरपासून ३५ मोजा, ९ ऑक्टोबरच येतो. त्यातले आठ दिवस पत्र वाटेत असतानाच संपले.

अमेरिकेच्या न्याय खात्याच्या महानिरीक्षकांचा २०१७चा एक अहवाल आहे. २००७पासूनच्या दहा वर्षांत अंमली पदार्थविरोधी खात्यानं, म्हणजे डीईएनं, ४ अब्ज डॉलरहून जास्त रोकड जप्त केली. त्यातले ३.२ अब्ज असेच, कोर्टाची पायरी न चढता गेले. ते सगळे पैसे गुन्हेगारांचेच होते म्हणून कुणी मागायला आलं नाही, असं सरकारी बाजूचे लोक म्हणतात. काहींचे असतीलही. पण मी ज्या खोल्यांमध्ये बसले तिथं किराणा दुकानवाले होते, टॅक्सीवाले होते, आजारी भावाला द्यायला पैसे घेऊन निघालेला एक सुतार होता. त्यांनी वेळेत दावा केला नाही याचं कारण एवढंच की पत्रातली भाषा कळली नाही, किंवा वकिलाची फी जप्त रकमेच्या निम्मी होत होती, किंवा तुमच्या यजमानांसारखी भीती वाटली. त्या सुतारानं दावा पाठवला होता. चार दिवस उशिरा. त्याचं म्हणणं मी इंग्रजीत सांगितलं, वकिलांनी ऐकलं, पत्रावरची तारीख बघितली आणि फाइल मिटली. मला ते अजून विसरता येत नाही.

आता यजमानांच्या भीतीबद्दल, कारण खरी अडचण तिथंच आहे. त्यांना वाटतं की गप्प बसलं की प्रकरण मिटेल. पण जूनमध्ये हायवेवर जे झालं त्याची नोंद तेव्हाच झाली आहे. पैसे सोडून दिल्यानं ती पुसली जाणार नाही. उलट विचार करा. हे पैसे अंमली पदार्थांच्या व्यवहारातले आहेत या संशयावर घेतले आहेत. इमिग्रेशनच्या कायद्यात त्या व्यापाराबद्दल नुसता सबळ संशयसुद्धा अडचणीचा ठरू शकतो, त्यासाठी शिक्षा झालेली असावी लागत नाही. उद्या मुलाखतीत अधिकाऱ्यानं हे काढलं, तर "पैसे आमचे होते, डब्यांचे होते, आम्ही शपथेवर दावा केला, ही वही" हे उत्तर देता येणं बरं, की "आम्ही मागितलेच नाहीत" हे? मी तुमच्या जागी असते तर मला पहिलं उत्तर हातात हवं होतं. तरीही यावर माझ्या शब्दावर जाऊ नका. दावा भरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी एक तास बोला, आणि जप्तीची कामं करणाऱ्या वकिलाला त्याच्याशी बोलू द्या. हे दोन वेगळे वकील असतात.

टॅक्सचं मात्र झाकून ठेवू नका. दावा शपथेवर असतो, त्यात खोटं लिहिलं तर तो स्वतंत्र गुन्हा आहे. पहिल्या वर्षीची राहिलेली रक्कम दुरुस्त रिटर्न भरून दाखवता येते, त्यासाठी १०४०-एक्स हा फॉर्म आहे. पण आधी वकील, मग अकाउंटंट, हा क्रम मोडू नका. वकिलाशी बोललेलं जसं गुप्त राहतं तसं अकाउंटंटशी बोललेलं राहीलच असं नाही.

पत्र पुन्हा उघडा. त्यात दोन शब्द दिसतील, एक "क्लेम", म्हणजे दाव्याचा, आणि एक "पिटिशन"चा. दिसायला दोन्ही सारखे अर्ज वाटतात आणि पुष्कळ लोक दुसरा भरतात, कारण तो सौम्य, विनंतीवजा वाटतो. पिटिशन म्हणजे जप्ती बरोबर आहे असं धरून, त्याच एजन्सीकडं केलेली दयेची याचना. तिथं न्यायाधीश येत नाही. दावा भरला की मात्र चेंडू सरकारच्या कोर्टात जातो: ९० दिवसांच्या आत त्यांनी फिर्याद दाखल करायची, नाहीतर पैसे परत करायचे. म्हणून तुम्ही दावा भरा. त्याला ठरावीक नमुना लागत नाही, अनामत रक्कम भरावी लागत नाही. कोणते पैसे (पत्रावरचा क्रमांक, तारीख, रक्कम), त्यात तुमचा हक्क काय, आणि हे खोटं असल्यास शिक्षेला पात्र आहे असं म्हणून केलेली सही, एवढं पुरतं. पत्रात दिलेल्या सरकारी संकेतस्थळावरूनही पाठवता येतो. ९ तारखेला पोस्टात टाकून चालणार नाही, ९ तारखेच्या आत त्यांच्या हातात पडायला हवा. ऑनलाइन भरलात तरी पोचपावतीचा नंबर जपून ठेवा.

दावा तुमच्या नावानं करायचा, हे मी फोनवर तीनदा सांगितलं, इथं चौथ्यांदा सांगते. पैसे तुम्ही कमावले. यजमान ते घेऊन निघालेले माणूस. त्यांनी रस्त्यावर "माझे नाहीत" म्हटलं आणि सही केली, त्याचा अर्थ त्यांच्या बाजूनं काय निघायचा तो निघेल, त्या कागदाची प्रत वकिलांना दाखवा. पण तुमची मालकी तुम्ही कुठं सोडलेली नाही. तुम्ही कशावरही सही केलेली नाही. उलट "बायकोचे आहेत" हे त्यांचं वाक्य पोलिसांच्या नोंदीत असेल तर ते तुमच्याच उपयोगाचं आहे. संसाराचे पैसे त्यात मिसळले असतील, त्यांच्या पगारातले दोन-चार हजार असतील, तर तेवढ्यापुरता त्यांचा दावा वेगळा करा. कुणाचे किती ते खरं लिहा.

या खटल्यात तुम्ही आरोपी नसता. आरोपी पैसा असतो. फिर्यादीच्या कागदावर चक्क "युनायटेड स्टेट्स विरुद्ध ३१,६०० डॉलर" असं छापलेलं येईल. जुन्या काळी मालक समुद्रापार असला की सरकार जहाजावरच खटला भरायचं, तिथून ही रीत आली. म्हणूनच अटक न करता, गुन्हा न नोंदवता हे करता येतं, आणि म्हणूनच सरकारतर्फे फुकट वकील मिळत नाही. तो फक्त राहतं घर जाणार असेल तेव्हा. यात एकच बरी गोष्ट झाली, ती २०००च्या सुधारणा कायद्यानं: पैशाचा गुन्ह्याशी ठोस संबंध आहे हे आता सरकारनं दाखवायचं. पूर्वी मालकालाच निर्दोषपणा सिद्ध करावा लागे. मात्र "संशयापलीकडे" वगैरे नाही, पारडं थोडं त्यांच्या बाजूला झुकलं तरी पुरतं.

तुमच्याविरुद्ध ते काय मांडतील? रबर लावलेल्या गड्ड्या, वीस-वीसच्या नोटा, स्वयंपाकाच्या डब्यात लपवलेली रोकड, कुत्र्यानं दिलेला इशारा. अशा प्रतिज्ञापत्रांत हीच वाक्यं पुन्हा पुन्हा येतात. वापरातल्या नोटांवर अंमली पदार्थांचे बारीक अंश सापडणं अगदी सामान्य आहे, हे तुमचा वकील सांगेल. पण खरं उत्तर तुमच्या वहीत आहे. तुम्ही मला फोटो पाठवलात ते पान मी मोठं करून बघितलं. "शुक्र. – १४ डबे, २ बिनकांद्याचे, प. चे मागचे ३३ बाकी." त्याखाली मराठी आकड्यांत बेरीज, आणि कोपऱ्यात हळदीचा डाग. असली वही खोटी करता येत नाही. चार वर्षांच्या अशा पाच वह्या, कमर्शियल किचनच्या भाड्याच्या पावत्या, इंडियन स्टोअरची कणकेची आणि तेलाची बिलं, गिऱ्हाइकांचे व्हॉट्सअॅप, ट्रक विकणाऱ्याशी झालेले मेसेज. गड्ड्यांमधल्या चिठ्ठ्या पैशांबरोबर गेल्या असतील, तर "नोटांच्या मध्ये देवनागरीत महिना लिहिलेल्या चिठ्ठ्या होत्या" हे दाव्याच्या वेळीच वकिलांना सांगा. त्यांनी नीट पंचनामा केला असेल तर त्या कुठंतरी नोंदलेल्या असणार. मार्चच्या चिठ्ठीची रक्कम आणि वहीतल्या मार्चची बेरीज जुळली, तर त्याहून चांगला साक्षीदार कुठला आणणार?

दावा भरल्यावर हातावर हात ठेवून बसू नका. फिर्याद आली की पुन्हा एक पत्र येतं आणि त्यात पुन्हा एक मुदत असते. कोर्टात वेगळा दावा दाखल करायचा, आणि त्यानंतर २१ दिवसांत फिर्यादीला उत्तर. "मी एकदा भरला की" म्हणून दुसरा चुकवणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांचेही पैसे न लढता गेले. कधी मधेच सरकारी वकील तडजोड सुचवतो, निम्मे घ्या आणि मिटवा. घ्यायचं की नाही ते तेव्हा ठरवा, पण आज घरी बसून शंभर टक्के सोडून देण्यापेक्षा ते नक्कीच बरं. खटला जिंकलात तर वकिलाची वाजवी फी सरकारकडून मिळू शकते. काही वकील सुटलेल्या रकमेतला हिस्सा घेऊन काम करतात, फोनवरच विचारा. व्हर्जिनियातली इन्स्टिट्यूट फॉर जस्टिस ही संस्था अशी प्रकरणं फी न घेता लढते. सगळी घेता येत नाहीत त्यांना, पण अर्ज करायला काय हरकत आहे?

हायवेवर थांबवणारे स्थानिक पोलीस आणि पत्र केंद्रीय एजन्सीचं, हे कसं, असंही तुम्ही फोनवर विचारलं होतं. स्थानिक पोलीस जप्त केलेली रोकड केंद्राकडं सोपवतात आणि सरकारजमा झाल्यावर त्यातला ८० टक्क्यांपर्यंत वाटा त्यांना परत मिळू शकतो. न्यू मेक्सिकोनं २०१५मध्ये, नेब्रास्कानं २०१६मध्ये, मेननं २०२१मध्ये अशी दिवाणी जप्ती आपापल्या राज्याच्या कायद्यातून काढून टाकली. पण केंद्राचा कायदा तसाच आहे. ज्याला पैसे मिळायचे त्यानंच ते घ्यायचे की नाही हे ठरवायचं, ही गोष्ट मला कधीच पटलेली नाही आणि पटणार नाही.

आता घरातले १२,५००. जाऊबाईंचा सल्ला ऐकू नका, त्या प्रेमानं सांगत असल्या तरी. दहा हजारांच्या वर रोकड भरली की बँक एक फॉर्म भरून सरकारला कळवते. त्यात काही वाईट नाही, दुकानदारांचे असे फॉर्म रोज जातात. पण तो फॉर्म टाळायचा म्हणून तुकडे करून भरणं हाच गुन्हा आहे, पैसे कितीही स्वच्छ असले तरी. एकदाच जा, सगळे एकत्र भरा, विचारलं तर डब्यांचे आहेत म्हणून सांगा.

सासूबाईंबरोबर तर मुळीच पाठवू नका. दहा हजारांच्या वर रोकड घेऊन देशाबाहेर जायला बंदी नाही, पण फिनसेनचा, म्हणजे अमेरिकेच्या अर्थखात्यातल्या एका विभागाचा, १०५ नंबरचा फॉर्म भरावा लागतो, आणि भारतात उतरल्यावर पाच हजार डॉलरच्या वर नोटा असतील तर तिथंही जाहीर करावं लागतं. १९९४मध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळावर होसेप बाजाकाजियन नावाच्या गृहस्थांकडं ३,५७,१४४ डॉलर निघाले. पैसे सचोटीचे होते, एक कर्ज फेडायला ते घेऊन चालले होते, पण लहानपणापासून सरकारी माणसांची भीती मनात बसलेली, म्हणून त्यांनी ते सांगितले नाहीत. १९९८मध्ये सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी सगळी रक्कम घेणं हा अवाजवी दंड ठरवला. चार वर्षं आणि सर्वोच्च कोर्ट, एक फॉर्म भरला नाही म्हणून. या वयात सासूबाईंना त्या रांगेत उभं करू नका.

वकिलाची वेळ ठरेपर्यंत दोन कामं करा. पत्र, पाकीट आणि पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का यांचे फोटो काढून ठेवा. आणि वह्या मला पाठवा, मूळ नव्हे, स्कॅन करून. मराठीतल्या पानांचं इंग्रजी भाषांतर शपथपत्रासह जोडावं लागतं. ते मी करून देते, पैसे नकोत. "बिनकांद्याचे" या शब्दावर एक टीप द्यावी लागेल, तेवढी आपण फोनवर ठरवू.